तंबाखू न खाताही तंबाखू अंगात : डॉ. रजनी भिसे यांचे संशोधन आणि सोलापूरच्या विडी कामगार महिला

विडीमुळे कॅन्सर होतो म्हटले की आपल्या डोळ्यासमोर विडी ओढणारा माणूस येतो. विडी वळणारी बाई येत नाही. सोलापुरात अशा बायका हजारोंच्या संख्येने आहेत. पूर्व भागातल्या गल्ल्यांत, कुंभारीच्या वसाहतीत, घराघरांत मांडीवर सूप घेऊन त्या बसलेल्या असतात. सुपात भिजवून कापलेली तेंदूची पाने आणि शेजारी तंबाखूचा चुरा. पान घ्यायचे, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचे, टोके दुमडायची, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. म्हणजे हजार वेळा बोटे तंबाखूत. यातल्या कितीतरी जणींनी आयुष्यात एकदाही विडी ओठाला लावलेली नसते.

मग त्यांच्या शरीरात तंबाखू जाते का? गेली तर तिथे काय करते? हा प्रश्न ज्या मोजक्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत नेला, त्यांत डॉ. रजनी भिसे यांचे नाव पुढे आहे. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल सेंटरची कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट ही त्यांची कर्मभूमी. ही संस्था पुढे खारघरला गेली आणि अ‍ॅक्ट्रेक म्हणून ओळखली जाऊ लागली. भिसे यांचे शोधनिबंध १९७०च्या दशकापासून प्रसिद्ध होत आले आहेत. कॅन्सरच्या अभ्यासकांना ते माहीत आहेत. कामगार चळवळीत, आपल्या युवकांच्या शिबिरांत मात्र त्यांची चर्चा मी कधी ऐकलेली नाही. म्हणून हा लेख.

हे संशोधन समजून घ्यायचे तर आधी एक गोष्ट मनातून काढून टाकावी लागेल. कॅन्सर करणारे विष कारखान्यात तयार होते, निसर्गातून आलेले ते औषधी, असा एक समज आपल्याकडे घट्ट आहे. निकोटिन हे तंबाखूच्या झाडाने स्वतःच तयार केलेले विष आहे. कीड लागू नये म्हणून झाड ते पानात साठवते. सुपारीतले अरेकोलिनही झाडाचेच. आणि ट्यूमर वाढवणाऱ्या पदार्थांचा सगळा अभ्यास ज्या एका वस्तूपासून सुरू झाला, तिचे नाव आपल्या आजीलाही माहीत असते : जमालगोटा. पोट साफ करायला देतात तो.

त्याची हकिकत अशी. १९४०च्या सुमारास आयझॅक बेरेनब्लम हे शास्त्रज्ञ इंग्लंडमध्ये उंदरांच्या कातडीवर प्रयोग करत होते. कॅन्सर करणारे एक रसायन त्यांनी इतक्या कमी प्रमाणात लावले की त्याने एकट्याने फारसे काही होऊ नये. नंतर त्याच जागी जमालगोट्याचे तेल पुन्हा पुन्हा लावले. गाठी उठल्या. नुसते तेल लावलेल्या उंदरांना गाठी जवळजवळ आल्याच नाहीत. आधी तेल आणि मग रसायन असा क्रम उलटा केला तरी परिणाम दिसत नव्हता. रसायन लावून कित्येक आठवडे थांबले आणि मग तेल सुरू केले, तरीही गाठी आल्या. म्हणजे पहिल्या रसायनाने केलेली खूण पेशीत तशीच दबा धरून बसलेली होती.

यातून कॅन्सर दोन पायऱ्यांनी घडतो ही कल्पना पुढे आली. पहिली पायरी बिघाडाची. पेशीतल्या डीएनएमध्ये एक कायमची चूक होते. दुसरी पायरी चिथावणीची. चुकीची पेशी एकटी होती तोवर धोका नव्हता. आता कोणीतरी तिला 'वाढ, वाढ' म्हणून सतत ढोसत राहते. हे ढोसणारे द्रव्य डीएनएला हात लावेलच असे नाही. ते बिघडलेल्या पेशींची संख्या वाढवते.

सोलापूरच्या वाचकाला हे चादरीवरून लगेच कळेल. जॅकार्डवर चादर विणताना नक्षी ठरते ती पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवरच्या भोकांनी. एका पट्टीत भलतीकडे भोक पडले तर ती झाली पहिली पायरी. माग बंद असेल तर त्या भोकाने काहीच बिघडत नाही. माग सुरू झाला की तीच चूक प्रत्येक फेऱ्यात कापडावर उतरत जाते. चिथावणी देणारे द्रव्य म्हणजे माग चालू ठेवणारे बटण. उपमा इथपर्यंतच ताणायची, कारण शरीराकडे चुकीची भोके बुजवणारे स्वतःचे कारागीरही असतात. पण रोज नवी भोके पडू लागली की त्यांनाही काम आवरत नाही.

जमालगोट्यातले नेमके द्रव्य १९६०च्या दशकात जर्मनीत एरिख हेकर यांनी वेगळे काढले. १९८२ मध्ये जपानच्या यासुतोमी निशिझुका यांच्या गटाने दाखवले की ते पेशीतल्या एका एन्झाइमला, प्रोटीन कायनेज सी याला, थेट चेतवते. हे एन्झाइम पेशीला वाढीचा निरोप पोचवणारे. निरोप आलेला नसताना आल्याचे सोंग हे विष करते. टोकियोत हिरोता फुजिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग अशीच आणखी द्रव्ये शोधली. जिवाणूंतून मिळणारे टेलिओसिडिन त्यांतलेच. समुद्री स्पंजमध्ये पहिल्यांदा सापडलेले ओकाडाइक आम्ल हे त्यांतले सगळ्यात विलक्षण. शिंपल्यांतून माणसाच्या पोटात गेले की जुलाब होतात, असे हे विष. ते प्रोटीन कायनेज सीला हातही लावत नाही. वाढीचा निरोप पुसून टाकणारी जी एन्झाइमे असतात, त्यांनाच ते रोखते. वाट वेगळी, परिणाम तोच. माग बंद होत नाही.

भिसे यांचे सुरुवातीचे काम याच दुसऱ्या पायरीवरचे आहे. १९७६ मध्ये त्यांनी आणि एस. एम. सिरसाट यांनी ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सरमध्ये निबंध प्रसिद्ध केला. विषय होता तंबाखूच्या धुरापासून साचणारा अर्क उंदराच्या कातडीवर चिथावणीचे काम कसे करतो, हा. धुरातली काही द्रव्ये डीएनए बिघडवतात, तर काही बिघडलेल्या पेशीला वाढवतात. तंबाखू अशी दुहेरी मारेकरी आहे. भोकही तीच पाडते आणि मागही तीच चालवते.

पुढे १९९८ मध्ये त्यांच्या गटाने पानमसाल्याचा प्रश्न हातात घेतला. हा प्रयोग आजच्या पोरांना सांगितलाच पाहिजे. पानमसाल्यात तंबाखू नसते. जाहिरातीत तर तो केशर-वेलदोड्याचा, बडे लोक खातात असा माल. भिसे आणि सहकाऱ्यांनी पानमसाल्याचा अर्क घेतला आणि उंदरांत तो दोन्ही पायऱ्यांवर तपासला. आधी दुसऱ्या रसायनाने पेशी बिघडवून ठेवलेल्या उंदरांमध्ये या अर्काने कातडीवरच्या साध्या गाठींना चालना दिली, आणि साध्या गाठींचे कॅन्सरमध्ये रूपांतर होण्याचा वेगही वाढवला. जठराच्या पुढच्या भागात आणि अन्ननलिकेत अर्काचे प्रमाण जास्त तसा परिणाम जास्त दिसला. म्हणजे तंबाखू नसलेली पुडीही बटण दाबते. आता दुकानदार एका हाताने पानमसाल्याची पुडी देतो आणि दुसऱ्या हाताने तंबाखूची छोटी पुडी देतो. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली, त्यावर काढलेली ही पळवाट. वेगवेगळ्या विकायच्या आणि तोंडात एकत्र करायच्या. एका पुडीत भोक पाडणारे, दुसऱ्या पुडीत माग चालवणारे. कायद्याच्या पुस्तकात दोन वस्तू झाल्या तरी गालाच्या आतल्या कातडीला तो एकच माल असतो.

मशेरीवरचे काम याच संस्थेतल्या डॉ. सुमती भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दातांना लावायची. आपल्या वस्त्यांत सकाळी उठल्यावर मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असे सांगणाऱ्या कितीतरी आया-मावश्या आहेत. त्यांना कोणी व्यसनी म्हणत नाही, त्याही स्वतःला म्हणत नाहीत. भिडे यांच्या गटाने मशेरीतली विषे मोजली. तंबाखूची पाने सुकवताना आणि साठवताना निकोटिनपासून आणि त्याच्या भाऊबंदांपासून नायट्रोसमाइन तयार होतात. त्यांपैकी एनएनएन आणि एनएनके ही दोन आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कॅन्सर करणारी म्हणून पहिल्या गटात टाकली आहेत. मशेरीत ही आहेतच, आणि वर भाजण्यामुळे धुरात असतात तसली डांबरवर्गातली रसायनेही तिच्यात उतरतात. तोंडात धूर न घेता धुरातले विष घ्यायचा हा प्रकार.

१९८९ मध्ये या गटाने उंदरांच्या कातडीवर मशेरीचा अर्क लावून पाहिला. निष्कर्षात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले की मशेरीचा कॅन्सर घडवण्याचा परिणाम दुर्बळ आहे. 'दुर्बळ' हा शब्द निबंधाच्या शीर्षकातच आहे. एखादा तंबाखूवाला हे शीर्षक फडकावत आला तर त्याला काय सांगायचे, हे कार्यकर्त्याला माहीत हवे. उंदीर जगतो दोन-अडीच वर्षे. प्रयोग चालतो काही महिने. आपली मावशी दिवसातून तीन-चार वेळा, पंधराव्या वर्षापासून साठीपर्यंत मशेरी लावते. चिथावणीच्या पायरीचा सगळा हिशेबच वारंवारतेचा आहे. एकेका वेळचे विष किती जहाल, यापेक्षा ते किती वर्षे, किती वेळा येत राहिले, हे तिथे ठरवते.

आता परत विडी वळणाऱ्या बाईकडे. १९९०च्या दशकात भिसे आणि त्यांच्या विद्यार्थी-सहकाऱ्यांनी विडी उद्योगातल्या कामगारांचे निबंधांमागून निबंध प्रसिद्ध केले. पद्धत साधी होती. विडीच्या कामातल्या महिला आणि त्या कामाशी संबंध नसलेल्या महिला यांची तुलना करायची, आणि त्यातही तंबाखूची सवय असलेल्या व नसलेल्या वेगळ्या धरायच्या. असे केल्याशिवाय कामाचा परिणाम कोणता आणि सवयीचा कोणता, हे सुटे करता येत नाही. 'या बायका मशेरी लावतात, त्याचाच परिणाम' असे म्हणून मालकाला हात झटकता येऊ नयेत, याची सोय या पद्धतीतच होती.

पहिला पुरावा लघवीतला. शरीरात निकोटिन शिरले की यकृत त्याचे कोटिनिन करते आणि ते लघवीत उतरते. निकोटिन विडी ओढून आले, मशेरीतून आले की हातावरच्या भुकटीतून आले, हे यकृत विचारत नाही. तंबाखूची कसलीही सवय नसलेल्या कामगार महिलांच्या लघवीतही कोटिनिन वाढलेले सापडले. कातडीतून आणि श्वासातल्या धुळीतून तंबाखू आत जात होती, याची ही पावतीच. दुसरा पुरावा जिवाणूंकडून. ब्रूस एम्स यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या चाचणीत नमुना साल्मोनेला जिवाणूंवर टाकतात. त्यांच्या जनुकांत बदल घडू लागले तर नमुन्यात डीएनए बिघडवणारे काहीतरी आहे असे समजायचे. कामगारांच्या लघवीत अशी क्षमता इतरांपेक्षा जास्त आढळली.

तिसरा पुरावा पेशींतला. गालाच्या आतल्या अस्तरातल्या पेशींत मुख्य केंद्रकाच्या शेजारी छोटे तुटके केंद्रक दिसणे म्हणजे पेशी विभागताना गुणसूत्राचा तुकडा मागे राहिला. कामगारांमध्ये अशा पेशी अधिक होत्या. १९९५ मध्ये महिमकर आणि भिसे यांनी तंबाखू चाळणाऱ्या, मिसळणाऱ्या कामगारांच्या रक्तपेशींतल्या गुणसूत्रांचा निबंध प्रसिद्ध केला. तिथेही मोडतोड वाढलेली होती. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्याला धूळ सगळ्यात जास्त लागते, हे सोलापुरात कोणालाही ठाऊक आहे. प्रयोगशाळेने त्यावर शिक्का मारला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. तुटके केंद्रक किंवा मोडलेले गुणसूत्र म्हणजे कॅन्सर नव्हे. ती पहिल्या पायरीची खूण आहे. अशी खूण असलेल्या बहुतेक जणींना कॅन्सर होणारही नाही. भाषणात 'विडी वळणाऱ्या प्रत्येक बाईला कॅन्सर' असे ओरडून सांगणारा कार्यकर्ता त्या बाईची झोप उडवतो आणि शास्त्राला खोटे पाडतो. पण खूण आहे, ती कामामुळे आहे, आणि कामाच्या जागेतली धूळ कमी केली तर ती कमी होऊ शकते, एवढे म्हणायला हे पुरावे पुरेसे आहेत.

विडी कामगार हा आपल्या इतिहासात परका विषय नाही. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे बाबू हरदास एल. एन. यांनी कामठीत विडी कामगारांची संघटना बांधली. ठेकेदारांच्या तावडीतून त्यांना सोडवण्यासाठी सहकारी तत्त्वावर विडीचे काम सुरू केले. १९३९ मध्ये, वयाची पस्तिशी पूर्ण होताच, क्षयाने ते गेले. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, १९४४ मध्ये, डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली कामगार चौकशी समिती नेमली गेली. तिने ज्या उद्योगांची पाहणी केली त्यांत विडी, सिगार आणि सिगारेट होते. पुढे १९६६ मध्ये विडी कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला आणि १९७६ मध्ये कल्याण निधीचा. सोलापुरात लाल बावट्याखाली नरसय्या आडम मास्तरांनी महिला विडी कामगारांच्या दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत कुंभारीत उभी करून दाखवली. देशात इतर कोणत्या शहराला इतके मोठे काम जमले असेल असे मला वाटत नाही.

पण घर मिळाले तरी तंबाखू घराबाहेर गेली नाही. १९६६च्या कायद्याने हवा खेळती ठेवण्याची, स्वच्छतेची, गर्दी न करण्याची जबाबदारी टाकली ती उद्योगाच्या जागेवर. विडीचे काम मात्र पाने आणि तंबाखू घेऊन घरी गेले. वळण्याचे काम ज्या खोलीत चालते, तिथेच स्वयंपाक होतो, तिथेच पोर निजते. मालकाच्या छपराखालची धूळ कामगाराच्या छपराखाली आली, आणि कायद्यातली हवा कारखान्यातच राहिली. २०१७ मध्ये जीएसटी आला तसा विड्यांवरचा कल्याण उपकरही बंद झाला. तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारावर भारताने २००४ मध्ये शिक्कामोर्तब केले. त्याचे सतरावे कलम तंबाखू कामगारांना पर्यायी रोजगार देण्याबद्दल आहे आणि अठरावे त्यांच्या आरोग्याच्या रक्षणाबद्दल. सिगारेटच्या पाकिटावरचे चित्र किती मोठे असावे यावर आपल्याकडे जेवढी भांडणे झाली, त्याच्या दहाव्या हिश्श्याने या दोन कलमांवर झाली नाहीत. आडम मास्तरांची युनियन असो की आपल्या संघटना, मजुरीच्या मागणीपत्रात सामायिक हवेशीर शेड आणि वर्षातून एकदा तपासणी या दोन ओळी घालायला भिसे यांचे निबंध पुरावा म्हणून तयार आहेत.

दुसऱ्या पायरीत एक दिलाशाची बाजूही आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. पहिली खूण कायमची असते, पण चिथावणी थांबवता येते. उंदरांच्या प्रयोगांत चिथावणीचे दोन डोस एकमेकांपासून फार लांब ठेवले तर गाठी येत नाहीत. सुरुवातीच्या गाठी तर द्रव्य बंद केल्यावर विरूनही जातात. माणसांतला दाखलाही आपल्याच देशातला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम जिल्ह्यांतल्या सुमारे ३६,००० तंबाखू वापरणाऱ्या खेडूतांबरोबर वर्षानुवर्षे काम केले. घरोघरी जाऊन तोंड तपासायचे आणि सवय सोडायला समजवायचे. ज्यांनी सोडली किंवा बरीच कमी केली, त्यांच्यात तोंडातले पांढरे चट्टे होण्याचे प्रमाण उतरले. हे चट्टे कॅन्सरच्या आधीची पायरी असतात. तेव्हा 'आता चाळीस वर्षे लावली, आता सोडून काय होणार' असे मावशी म्हणाल्या तर त्यांना हा हिशेब सांगा. भोक राहील, माग थांबेल.

महाराष्ट्राचा आकडाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, आणि धूर न काढता तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. आपली खरी लढाई मशेरी, मावा, गुटखा आणि तंबाखू-चुन्याशी आहे. व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात दारूवर तासभर आणि तंबाखूवर दोन वाक्ये, ही वाटणी या आकड्याशी जुळत नाही. पाचव्या शिलात तंबाखू येते की नाही हा वाद विहारात रंगतो. वाद घालणाऱ्यांपैकी एकाच्या तरी गालात त्या वेळी मावा असतो.

सोलापूर जिल्ह्याला या बाबतीत एक सोय आहे जी अनेक जिल्ह्यांना नाही. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल डॉ. बी. एम. नेने यांच्या पुढाकाराने उभे राहिले, आणि १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातल्या बाईला कोणता कॅन्सर होतो, ती किती उशिरा दवाखान्यात पोचते, हे देशाला पहिल्यांदा बार्शीच्या वह्यांतून नीट कळू लागले. तीस वर्षांवरील सर्वांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत करायची असा राष्ट्रीय कार्यक्रमच आहे. त्यात स्तन आणि गर्भाशयमुखाचीही तपासणी होते.

तोंडात दोन आठवड्यांहून जास्त टिकलेली जखम, न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, जेवताना तिखट सहन न होणे, तीन बोटे उभी आत जाणार नाहीत इतके तोंड कमी उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवावे. सवय सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे : १८००-११-२३५६. विडीचे काम करणाऱ्या बहिणींनी डॉक्टरांना आपण होऊन सांगावे की मी इतकी वर्षे विड्या वळते. केसपेपरवर 'तंबाखूची सवय : नाही' एवढेच लिहिले गेले, तर तिच्या अंगात रोज गेलेली तंबाखू त्या कागदावर कुठेच दिसत नाही.